प्लॉटवर टिटवीची अंडी, पण ही टिटवी वेगळीच दिसते

बेसा_पिपळा: पिपळ्याकडच्या ले-आउटमध्ये आमचा प्लॉट आहे. मुरूम टाकून भरणी झालेली, आता पावसाच्या आत पाया काढायचा बेत. काल टेप घेऊन मोजायला गेलो तर माझ्या पायांजवळून टिटवी उठली, अन् थोडं पुढं जाऊन पंख मोडल्यासारखी लोळायला लागली. पाहतो तर मुरुमात चार अंडी. काडी-कचरा काहीच नाही, नुसता खळगा अन् भोवती खडे. गावी नाल्याकाठची टिटवी लहानपणापासून पाहतो, पण तिचं तोंड लाल असते अन् ओरडून ओरडून डोकं उठवते. ही लहान, चोचीच्या मुळाशी पिवळं कातडं लोंबते. पाय मात्र दोघींचे पिवळेच. हा नर-मादीचा फरक की जातच वेगळी? अन् जेसीबीवाला सोमवारी येतो म्हणून राहिला. अंडी उचलून बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर ठेवली तर चालेल काय?

मोजणीवाला: उचलू नका. आधी हे, मग बाकीचं.

जात वेगळी. टिटव्यांत नर-मादी जवळपास सारखेच दिसतात. तुमची ती माळटिटवी, पुस्तकात पीतमुखी. गावची ती ताम्रमुखी. पायांवरून ओळखायला जाऊ नका, छाती पाहा. ताम्रमुखीची छाती काळी कुळकुळीत, डोळ्यामागून पांढरा पट्टा मानेवरून खाली उतरतो, चोच लाल अन् टोकाला काळी. माळटिटवीची छाती मातकट, काळं फक्त डोक्यावर, टोपी घातल्यासारखं, अन् त्याखाली पांढरी किनार. ताम्रमुखी साधारण 35 सेंटिमीटरची, माळटिटवी 27च्या आसपास.

पण खरा फरक राहणीत आहे. ताम्रमुखीला पाणी जवळ असलं की बरं वाटतं: नाला, तळं, ओलिताचं शेत. माणसांशीही तिचं जमतं, त्यामुळे ती पश्चिम आशियापासून आग्नेय आशियापर्यंत पसरली. माळटिटवी भारतीय उपखंडाबाहेर नाही. तिला कोरडा, उघडा, खडकाळ माळ अन् खुरटं गवत लागतं. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे पिकाला निकामी, म्हणून दाखवतात ना, तसली जमीन. नोकरीत मी अशी पुष्कळ मोजली. तिथं काहीच नाही असं समजून ले-आउट पडतात, अन् माळटिटवी राहते नेमकी तिथंच. तुमचा मुरूम तिला माळच वाटला.

उमरेडची_सून: आमच्याकडे म्हणतात, टिटवीनं उंचावर अंडी घातली की त्या वर्षी पाऊस जास्त. दादा, तुमचा प्लॉट भरणी करून उंच केलेला आहे, म्हणजे धान पिकणार!

मोजणीवाला: ताई, मग गच्चीवरच्या अंड्यांचं काय म्हणाल? ताम्रमुखी खडी पसरलेल्या सपाट गच्चीवरसुद्धा घालते. माळटिटवी तर बहुतेक पावसाच्या आधीच उरकून घेते. पाऊस हवामान खात्यावर सोडा.

बेसा_पिपळा: काका, ऊन 45 अंशांवर गेलं आहे. निदान छत्री लावून पाण्याचं घमेलं ठेवू का? अन् दहा-पंधरा फूट सरकवलं तरी नाही का चालत?

मोजणीवाला: छत्री नको, घमेलंही नको. त्यानं कुत्रे अन् कावळे मात्र येतील. उन्हाची सोय तिच्याजवळ आहे: अंड्यांवर उभी राहून सावली धरते, अन् पाणी सापडलं तर पोटाची पिसं भिजवून येते, तो ओलावा अंड्यांना लागतो. दोन्ही टिटव्या हे करतात.

सरकवायचं तर नाहीच. तिला जागा पाठ असते, हलवलेल्या अंड्यांवर ती येऊन बसेलच याचा भरवसा नाही. शिवाय 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी अन् घरटी विस्कटणं येतं, मग प्लॉट कोणाचाही असो. उबवायला चार आठवडे, एखाद-दोन दिवस इकडेतिकडे. पिल्लं अंगावर लव घेऊनच बाहेर पडतात अन् लवकरच चालत निघून जातात.

बेसा_पिपळा: चार आठवडे म्हणजे पाऊस लागेल. ठेकेदार ओरडेल.

मोजणीवाला: ओरडू द्या. अंडी कोणत्या कोपऱ्यात आहेत? दूरच्या बाजूला बोअर, मीटर, कंपाउंडचे खड्डे असलं काम असेल तर ते आधी उरका. अंड्यांपासून चांगलं अंतर सोडून चुन्याची रेघ मारा अन् जेसीबीवाल्याला स्वतः दाखवा, फोनवर सांगून नाही.

बेसा_पिपळा: मागच्या कोपऱ्यात आहेत. बोअर समोर आहे, ते होऊन जाईल. चुना आहे घरी.