मदत हवी आहे: अल्टरनेटर चांगला, पण बॅटरी चार्ज होत नाही

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९९६ची कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी आहे. रात्री हेडलाइट लावले की डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतो आणि सकाळी सेल्फ जेमतेम फिरतो. बॅटरी नवी आहे, बेल्ट ताणून घेतला आहे, टर्मिनल घासून साफ केली आहेत.

मल्टिमीटरची रीडिंग अशी: इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू असताना बॅटरीवर फक्त १२.९ व्होल्ट, पण त्याच वेळी अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) मागच्या जाड वायरच्या बोल्टवर १३.८. मीटरची एक पिन त्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवली तर सरळ ०.९ व्होल्ट दिसतात. अर्थिंगच्या बाजूला, म्हणजे इंजिन ब्लॉक ते बॅटरी मायनस, जवळपास काहीच नाही.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, अल्टरनेटरच बदला. मला पटत नाही. अल्टरनेटर करंट देतोय, तो वाटेत अडतोय, असंच आकडे सांगतात. माझा संशय फ्युजिबल लिंकवर (जास्त करंट आला की वितळून तुटणारा, फ्यूजसारखा वायरचा तुकडा) किंवा तिच्या कनेक्टरवर आहे. हात लावला तर तो चांगलाच तापलेला असतो.

जुन्या गाड्यांचं वायरिंग केलेल्यांनी कृपया सांगा: नुसता कनेक्टर बदलून भागेल, की वायर आतून काळी पडलेली असते? ४५ अँपिअरच्या अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत फ्यूज घालून वेगळी वायर टाकायची तर किती स्क्वेअर एमएमची घ्यावी, आणि फ्यूज कितीचा? मूळ वायर तशीच ठेवावी का?

गाडी विकायची नाही, नीट करायची आहे.