बाळाचे डोस सरकारी नोंदीत दिसत नाहीत, परत द्यायचे का?

घणसोलीची_आई:
मुलगा 16 महिन्यांचा आहे. बाळंतपण माहेरी साताऱ्याकडे झालं, बीसीजी, पोलिओ आणि कावीळ बीचं इंजेक्शन तिकडेच, मग दीड, अडीच, साडेतीन आणि नऊ महिन्यांचं सगळं इथे प्रायव्हेट डॉक्टरांकडे. काल आशाताई आल्या, मोबाईलमध्ये बघून म्हणाल्या बाळाची एकही लस दिसत नाही. माझ्या फाईलमध्ये प्रत्येक डोससमोर बाटलीवरचा स्टिकर, तारीख, सही आहे, तरी पोटात गोळाच आला. परत सगळं टोचायचं का?

ठाण्याची_सिस्टर:
अजिबात नाही ताई! तारखेसकट लिहिलेलं आहे ना, तोच पुरावा. यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, कोणीतरी भरलं तरच दिसतं, आणि प्रायव्हेटमधलं बरंचसं भरलंच जात नाही. दुसरं म्हणजे बारशाआधी एन्ट्री होते ती ‘बेबी ऑफ अमुक’ अशी, तीही माहेरच्या कोणाच्या तरी मोबाईल नंबरवर, मग सासरी आल्यावर नवीन नंबरवर परत नोंदणी, की झाली एकाच बाळाची दोन अर्धी खाती. तिकडे कुठला नंबर दिलेला ते विचारा आणि फाईल घेऊन जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जा. फाईलचे फोटो आजच काढा, कारण कागद हरवला तर तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी बूस्टर झालेत का बघा, 16 ते 24 महिन्यांत असतात.

ऐरोली_बाबा:
मोठ्या आकड्यांतही हेच दिसतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 12 ते 23 महिन्यांची पूर्ण लसीकरण झालेली मुलं 76.4 टक्के, पण हे कार्ड किंवा आईच्या आठवणीवरून, नुसती कार्ड दाखवलेली मुलं घेतली तर 83.8. मग कार्ड नसलेल्या घरात लस खरंच राहिली की आईला आठवली नाही, हे कसं कळणार? 2022 च्या शेवटी मुंबई, भिवंडीत गोवर पसरला तेव्हा घरोघरी फिरून मुलं शोधावी लागली. यादी अर्धवट असली की ज्याचं खरंच राहिलंय ते पोर तुमच्या मुलासारख्यांच्या गर्दीत हरवतं, म्हणून नोंद दुरुस्त कराच, लस झालीये म्हणून सोडून देऊ नका.

घणसोलीची_आई:
सापडलं! माझ्या बाबांच्या नंबरवर ‘बेबी ऑफ’ म्हणून जन्माचे तिन्ही डोस आहेत. सोमवारी फाईल घेऊन जाते, बूस्टर बाकी आहे तोही तिथेच देऊन घेते.