सासूसासऱ्यांचे, आईबाबांचे रिपोर्ट मोबाईलमध्ये कसे ठेवता? (इंदिरानगर, सोसायटी ग्रुप)

स्नेहल, बी ४०२: काल रात्री सासूबाईंना चक्कर आली म्हणून गंगापूर रोडला नेलं, तिथे डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं रक्त पातळ करायची गोळी कोणती चालू आहे, आणि फाईल कपाटात, किल्ली ह्यांच्याकडे आणि हे पुण्यात. आता बऱ्या आहेत. तुम्ही सगळे कागद कसे सांभाळता ते सांगा ना

काका, ए १०१: काही लागलं तर हक्काने सांग गं. आयुष्मान कार्ड काढलं की त्यात रिपोर्ट येतात ना?

मयूर, सी २०३: नाही काका, ते वेगळं. आयुष्मान कार्ड ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं, ॲडमिट झाल्यावर लागतं. रिपोर्टसाठी आभा, म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा सरकारी १४ आकडी नंबर, आधारवरून फुकट निघतो. पण आभा काढलं म्हणून जुने कागद आपोआप येत नाहीत, जे हॉस्पिटल किंवा लॅब त्याला जोडलेत त्यांचेच येतात, बाकी आपणच स्कॅन करून टाकायचे. आणि रिपोर्ट ज्याच्या त्याच्या हॉस्पिटलकडेच राहतात, आपण परवानगी दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात, ती परवानगी नंतर काढूनही घेता येते

वैशालीताई, बी १०४: मी लॅबमध्ये आहे म्हणून अगदी कळकळीने सांगते, नुसते फोटो काढून गॅलरीत टाकू नका, लग्नाच्या फोटोंमध्ये ऐनवेळी काही सापडत नाही. पेशंटच्या नावाचा फोल्डर करा, रिपोर्टला तारखेसकट नाव द्या. सगळ्यात आधी ईसीजी स्कॅन करा, तो कागद थर्मल असतो, काही वर्षांत पुसट होतो, आणि प्लीज लॅमिनेट करू नका, उष्णतेने काळा पडतो. मग डिस्चार्ज कार्ड. आणि चालू गोळ्यांच्या स्ट्रिपचा मागच्या बाजूचा फोटो, नाव आणि किती एमजी ते स्पष्ट दिसेल असा, कारण डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात वेळ जातो तो इमर्जन्सीत नसतो. डोस बदलला की जुना फोटो काढून टाका, नाहीतर चुकीचीच गोळी सांगितली जाईल

स्नेहल, बी ४०२: हे खरंच कामाचं आहे ताई. पण सगळं माझ्याच फोनमध्ये असून काय उपयोग, मी ऑफिसला असले तर?

वैशालीताई, बी १०४: म्हणूनच फोल्डर घरातल्या दोघा-तिघांना शेअर करून ठेव. आणि आजींच्या स्वतःच्या फोनमध्ये इमर्जन्सी माहिती भर, रक्तगट, ॲलर्जी, चालू गोळ्या, तुमचे नंबर. लॉक न उघडता दिसेल अशी सोय असते, ती चालू कर

काका, ए १०१: मी माझा शुगरचा रिपोर्ट इथेच टाकतो, मयूर बघून सांग कुठे चढवायचा

मयूर, सी २०३: काका इथे नको, ग्रुपवर कुणाचेच रिपोर्ट नकोत. रविवारी ११ वाजता क्लबहाऊसला बसू, आधारला जोडलेला फोन आणि फाईल घेऊन या, मी शेजारी बसून दाखवतो, ओटीपी मात्र तुम्ही स्वतःच टाकायचा, मलासुद्धा सांगायचा नाही. ज्यांना जिने उतरणं जमत नाही त्यांच्या घरी संध्याकाळी येतो, फ्लॅट नंबर कळवा

आजोबा, ए ३०३: ए ३०३. चष्मा लावून तयार बसतो, दोन फायली आहेत