धडक देण्याआधी लघुग्रह दिसायला हवा
यान धडकवून लघुग्रहाचा मार्ग बदलून पाहणारी नासाची ‘डार्ट’ मोहीम यशस्वी झाल्यामुळे आता पृथ्वीवर लघुग्रह आदळण्याच्या चिंतेचे कारण उरलेले नाही, हे मत मला घाईचे वाटते. सप्टेंबर २०२२ मधील त्या धडकेने, एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहाचा सुमारे ११ तास ५५ मिनिटांचा प्रदक्षिणाकाळ ३२ मिनिटांनी घटला, हे यश मोठेच आहे; पण अशा उपायासाठी लघुग्रह कित्येक वर्षे आधी सापडलेला असावा लागतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कच्या आकाशात फुटलेला सुमारे २० मीटरचा लघुग्रह सूर्याच्या दिशेकडून आल्यामुळे आधी कोणालाच दिसला नव्हता. लखलखाट पाहायला लोक खिडक्यांशी गेले आणि थोड्या वेळाने पोहोचलेल्या आघातलहरीने त्याच खिडक्यांच्या काचा त्यांच्या अंगावर फुटल्या. म्हणूनच अवरक्त किरणांत, म्हणजे उष्णतेवरून, लघुग्रहांचा शोध घेणारी ‘निओ सर्व्हेयर’ ही नियोजित अवकाश दुर्बीण मला अधिक निकडीची वाटते.