शब्दचर्चा: ‘ल्युमिनेसन्ट प्रोब’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड-बीटा या पेप्टाइडचे (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याचे) तंतू ओळखायला रुथेनियम या धातूची उजळणारी जटिल संयुगे, म्हणजे ‘ल्युमिनेसन्ट प्रोब’, वापरतात. एका लेखात त्यांना ‘प्रतिदीप्त शोधक’ म्हटले आहे. योग्य आहे का?

उत्तर १: ‘प्रतिदीप्त’ चुकलेच. प्रतिदीप्ती, म्हणजे फ्लुओरेसन्स, काही नॅनोसेकंदांत विझते. थायोफ्लेविन-टी या नेहमीच्या रंगद्रव्याला तो शब्द चालेल. रुथेनियमचा उजेड ट्रिपलेट अवस्थेतून (इलेक्ट्रॉनांच्या सावकाश विझणाऱ्या उद्दीपित स्थितीतून) येतो आणि बराच जास्त टिकतो. म्हणून प्रकाशाचा झोत दिल्यावर थोडे थांबून मोजले की नमुन्याची स्वतःची चमक तोवर विझलेली असते. मोठा फायदा याच फरकात आहे. ‘दीप्तिमान’ लिहा.

उत्तर २: ‘शोधक’ म्हटले की माणूस डोळ्यांपुढे येतो. सुश्रुताची ‘एषणी’ प्रोबच, पण ती वैद्याच्या हाताने व्रणात फिरते. हा रेणू स्वतः जाऊन चिकटतो. शाळेत लिटमसला आपण ‘दर्शक’ म्हणतो, तोच इथे चपखल बसतो. डीपीपीझेड हा लिगंड (धातूला जोडलेला रेणू) असलेले रुथेनियमचे संयुग पाण्यात अंधारे असते, कारण पाण्याचे रेणू लिगंडच्या नायट्रोजनांशी हायड्रोजन बंध करतात आणि ऊर्जा उजेड न होता निघून जाते. तंतूच्या कोरड्या खाचेत शिरले की ते नायट्रोजन झाकले जातात आणि संयुग उजळते. साधारण 440 नॅनोमीटरला उद्दीपित करा, लाल उजेड 640 च्या आसपास वाचा.

प्रश्न: ‘ॲग्रिगेशन’ला ‘गुठळी होणे’ चालेल?

उत्तर १: नको. गुठळीत रचना नसते, अमायलॉइड तंतूत बीटा-पट्ट्या शिस्तीत एकावर एक रचलेल्या असतात. प्रक्रियेला ‘साकळणे’ म्हणा, फळाला ‘तंतू’. पेप्टाइड आधीच साकळलेले असेल तर वेळेनुसार उजेड दाखवणाऱ्या आलेखातला, तंतू बनण्याआधीचा, सुरुवातीचा सपाट भाग नाहीसा होतो, म्हणून प्रयोगापूर्वी ते ताजे विरघळवून घ्यावे लागते. ‘अमायलॉइड’चे ‘पिष्टाभ’ मात्र करू नका. 1854 मध्ये जर्मन रोगविज्ञानी फिर्खोने आयोडीनच्या रंगावरून हे स्टार्च समजून नाव दिले. ते प्रथिन निघाले, मग त्याची चूक मराठीत परत कशाला आणायची?

उत्तर २: एक सावधगिरी. ‘अमायलॉइड-दर्शक’ असा शब्द सरसकट वापरू नका. हेच डीपीपीझेडचे रुथेनियम संयुग 1990 पासून डीएनएचा ‘प्रकाश-स्विच’ म्हणून माहीत आहे, अमायलॉइडसाठी ते 2011 मध्ये राइस विद्यापीठातून पुढे आले. ऊतीच्या अर्कात डीएनए उरला, किंवा डिटर्जंटचे मायसेल (रेणूंचे सूक्ष्म गोळे) असले, तरी ते उजळेल. नुसते बफर (द्रावण) आणि नुसते ताजे पेप्टाइड अंधारे, आणि डीएनेझने (डीएनए तोडणाऱ्या विकराने) धुतलेला अर्क तरीही उजळ, हे तीन ताळे जुळले तरच ‘अमायलॉइड’ लिहा. नाहीतर ‘दीप्तिमान दर्शक’ एवढेच.