मदत हवी आहे: वर्षाचा गहू-तांदूळ भरणं खरंच स्वस्त पडतं का?

नमस्कार मंडळी, आम्ही डोंबिवलीत चौघं, वन बीएचके. दर महिन्याला किराण्याचं बिल बघून डोळे पांढरे होतात, म्हणून यंदा उन्हाळ्यातच वर्षाचं भरून टाकावं असं चाललंय. सासूबाई म्हणतात लोकवन गव्हाचं एक पोतं, कोलम आणि तूरडाळ एकदम घ्या, मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू बाजारात येतो तेव्हा भाव बरा असतो. नवऱ्याचं म्हणणं पिशवीतलं तयार पीठच बरं, गिरणीत कोण जाणार (जातं कोण तर मीच!).

माझा हिशोब असा की सुटा गहू अधिक दळणाचे पैसे मिळूनसुद्धा पिशवीच्या पिठापेक्षा कमीच होतात, पण पोरकिडे लागले तर सगळंच पाण्यात, आणि आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या लागतात. गावी कडक उन्हं देऊन, एरंडेल चोळून कोठीत भरायचे, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचे. इथे गच्ची सोसायटीने कुलूप लावून ठेवलीय. पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर नकोच, घरात लहान मूल आहे.

मग फ्लॅटमध्ये राहणारे तुम्ही धान्य कसं टिकवता? पत्र्याची कोठी बरी की प्लास्टिकचा ड्रम? वर्षाऐवजी तीन-तीन महिन्यांचं घेतलं तर भावात फार फरक पडतो का? आणि कल्याणच्या मार्केट यार्डात किरकोळ गिऱ्हाईकाला एखादं पोतं देतात का, तिथून रिक्षाभाडं धरून कोणाला परवडलंय? तूरडाळीचं तर जरूर सांगा, घरात सगळ्यात जास्त तीच लागते.