कापसानंतर उशिरा गहू, दाणा बारीक राहतो. काय बदलावे?

चोपडा-काठ: फरदड (कपाशीचे पुढे लांबवलेले पीक) न घेता कपाशी उपटली तरी पेरणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाते. जमीन काळी, पाणी तीन पाळ्यांपुरते. वाण कोणता, खत किती?

शिरपूरकर: भाऊ, उशिरासाठी निफाड गहू संशोधन केंद्राचे वाण एनआयएडब्ल्यू-34 किंवा फुले समाधान घ्या. फुटवे कमी येतात म्हणून बियाणे एकरी 40 ऐवजी 50 किलो, दोन ओळींत अंतर 18 सेंमी. बी 5-6 सेंमीपेक्षा खोल नको, उगवण विरळ होते. नत्र, स्फुरद, पालाश हेक्टरी 90:60:40 किलो. अर्धे नत्र पेरणीसोबत, उरलेले म्हणजे एकरी साधारण 39 किलो युरिया, तीन आठवड्यांनी. 15 डिसेंबरनंतर मात्र गव्हाचा नाद सोडा, हरभराही नको, थेट उन्हाळी पीक बघा.

रावेर-शेती: खरी अडचण मार्चच्या उन्हाची. दाणा भरताना तापमान चढले की भरण्याचे दिवसच कमी होतात, दाणा सुरकुततो. पाण्याच्या तीन पाळ्या पेरणीनंतर 20-22, 40-42 आणि 60-65 दिवसांनी द्या. पहिली चुकवू नका, मुकुटमुळे (खोडाच्या बुडाशी येणारी मुख्य मुळे) तेव्हाच फुटतात. 55 आणि 70 दिवसांनी 19:19:19 हे विद्राव्य खत, दहा लिटर पाण्याला 200 ग्रॅम फवारा. ओंबी भरल्यावर वाऱ्यात पाणी दिले तर पीक लोळते.

चोपडा-काठ: तीन नाही, एकूण एकच पाणी देता आले तर?

रावेर-शेती: मग 40-42 दिवसांनी.